खिडकीतली रोपवाटिका: मुंबईच्या फ्लॅटमध्ये भाजीची रोपं कशी तयार करावीत

घटस्थापनेला आपण परडीत माती पसरून धान्य पेरतो आणि त्यावर घट मांडतो. देवघराच्या कोपऱ्यात, समईच्या मंद उजेडात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतं आणि दसऱ्यापर्यंत वीतभर उंच, पिवळं, रेशमासारखं मऊ होतं. घटाला तेच शोभतं. पण टोमॅटोचं रोप असं उंच आणि पिवळं झालं तर ते कुंडीत जगत नाही. मुंबईत घरात रोपं करायला घेणाऱ्या अनेकांचं पहिलं वर्ष याच कारणाने वाया जातं. माझंही गेलं, पण वेगळ्या कारणाने, ते सातव्या पायरीत सांगते. चाळीस रोपं उगवली होती, त्यातलं एकही कुंडीपर्यंत पोचलं नाही.

मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहते. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, हॉलची पश्चिमेला, गच्ची सोसायटीची. गेली काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची आणि थंडीत थोडा कोबी यांची रोपं मी घरातच करते. पहिल्या वर्षी जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. थंड देशांत लोक घरात बी पेरतात ते बाहेर बर्फ असतो म्हणून. तिथल्या सूचना वाचून इथे कुणी ट्रेखाली ठेवायची विजेची गरम गादी विकत घेतली तर पैसे फुकट जातील. मुंबईत उबेला कधीच तोटा नाही. आपण रोपं घरात करतो ती पावसाच्या माऱ्यापासून, कबुतरांपासून, मुंग्यांपासून वाचवायला आणि थंडीचे तीन महिने पूर्ण हाती लागावेत म्हणून.

१. आधी कॅलेंडर काढा

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. लगेच ऑक्टोबरचा उकाडा, मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरी हवा. टोमॅटोला हीच हवा लागते. बी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत त्याचं रोप लावणीला येतं आणि लावल्यापासून साधारण ६० ते ७० दिवसांत पहिलं फळ पिकतं. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरलं तर डिसेंबरात घरचा टोमॅटो कोशिंबिरीत पडतो. जानेवारीत पेरलं तर झाड ऐन मार्च-एप्रिलच्या काहिलीत फुलावर येतं आणि फुलं फळ न धरताच गळतात. झाड हिरवंगार दिसतं, त्यामुळे आपलं काय चुकलं ते कळतही नाही.

माझा ठोकताळा सोपा आहे: गणपतीच्या आसपास पहिली पेरणी, नवरात्रात दुसरी. वांगी आणि मिरची पावसाळी लागवडीसाठी मेच्या मध्यावरही पेरता येतात. कोबी, फुलकोबी मात्र सप्टेंबर अखेरच्या आधी करू नका, उकाड्यात त्यांचे गड्डे धरत नाहीत.

२. कशाचं रोप करायचं आणि कशाचं नाही

टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, कोबी, फुलकोबी यांची रोपं करायची. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, भेंडी, गवार थेट कुंडीत पेरायची. मुळा-गाजराचं मूळ एकदा हलवलं की ते वाकडं वाढतं, आणि कोथिंबिरीचं रोप उपटून लावणं म्हणजे निव्वळ कष्ट. (धणे पेरण्याआधी चपलेच्या तळाने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायला विसरू नका.)

दुधी, दोडका, काकडी, कारलं यांचं रोप करता येतं, पण त्यांच्या मुळांना हात लागलेला चालत नाही. ती कागदाच्या पेल्यात पेरावीत आणि पेल्याचा तळ फाडून पेल्यासकट कुंडीत ठेवावीत. कारल्याच्या बीचं कवच जाड असतं. नेलकटरने टोकाला अगदी जरासा टवका काढा आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवा.

३. काय काय लागेल

खर्चाची यादी मोठी नाही. हे एका जागी गोळा करा, मगच पाकीट फोडा:

– बियाण्यांची पाकिटं आणि त्यांचं बिल
– कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) साधारण ६५० ग्रॅमची एक वीट
– गांडूळ खत, एक-दोन किलो, चाळलेलं
– ट्रायकोडर्मा पावडरचं छोटं पाकीट
– प्रो-ट्रे, म्हणजे रोपांसाठीचा कप्प्यांचा ट्रे (नर्सरीवाले ९८ कप्प्यांचा वापरतात, घरी अर्धा कापून घ्या) किंवा तळाला भोकं पाडलेले श्रीखंडाचे डबे, कागदी पेले
– ट्रे बसेल अशी उथळ परात किंवा प्लास्टिकचं ताट
– फवारणीची बाटली
– आइस्क्रीमच्या काड्या आणि पेन्सिल (शाई पाण्याने उतरते, पेन्सिल टिकते)
– चार फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब, कूल डे लाइट, म्हणजे ६५०० केल्व्हिनची. ही कधी लागते ते सहाव्या पायरीत सांगते.
– एक वही

रोपं पुढे गच्चीवर लावायची असतील तर सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा. ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणार असाल तर खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकणार नाही याची सोय आधी करा. आमच्या इमारतीत झाडांवरून झालेली सगळी भांडणं याच एका कारणाची आहेत.

४. बियाणं घेताना पाकीट उलटं करून वाचा

समोरच्या चित्राला काही अर्थ नसतो. मागे उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वैधतेची तारीख छापलेली असते. टोमॅटो आणि वांग्याच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते, मिरचीची ६० टक्के. वैधता साधारणपणे तपासणीपासून नऊ महिने असते. मुंबईच्या दमट हवेत उघडं पाकीट त्याही आधी मरतं. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, औषधाच्या डबीत येते तसली ओलावा शोषणारी पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा.

काही पाकिटांत बी गुलाबी, निळं किंवा हिरवं असतं. त्यावर बुरशीनाशक, बहुधा थायरम, चोळलेलं असतं. ते बी स्वयंपाकाच्या वाटीत भिजवू नका, लहान मुलांना पेरायला देऊ नका आणि हात साबणाने धुवा. सहज हाती येणारी ही एकच विषारी वस्तू या सगळ्या कामात आहे, म्हणून आवर्जून लिहिते.

जात कोणती घ्यायची? टोमॅटोत बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही संकरित जात पानं आकसवणाऱ्या विषाणूला, जिवाणूजन्य मरीला आणि लवकर येणाऱ्या करप्याला तोंड देते. नवख्या माणसाला तिचा मोठा आधार आहे. वांग्यात ‘मांजरी गोटा’ची चव माझ्या घरी सगळ्यांना आवडते. बाजारातल्या टोमॅटोचं बी काढून पेरलं तर उगवतं जरूर, पण तो बहुधा संकरित असतो, त्यामुळे फळ मूळ टोमॅटोसारखं येईलच असं नाही. पहिल्या वर्षी तो प्रयोग नको.

पाकीट जुनं असेल तर दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. आठवड्याने, मिरची असेल तर दोन आठवड्यांनी उघडून मोजा. सातच्या खाली मोड आले तर त्या हिशोबाने जास्त पेरा, चारच्या खाली असतील तर ते बी सोडून द्या.

५. मिश्रण आणि पेरणी

कुंडीतली माती किंवा बाहेरून आणलेली लाल माती रोपांसाठी वापरू नका. ती ट्रेमध्ये दगडासारखी बसते आणि सोबत बुरशी आणते. घरच्या ओल्या कचऱ्याचं खतही इथे नको. ते खत थोर आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून भाज्या पिकवून दाखवल्या, त्यातून या शहरातल्या किती जणांना धीर आला असेल. पण ते जेवण वाढत्या झाडासाठी. कोवळ्या मुळांना अर्धवट कुजलेलं खत सोसत नाही.

कोकोपीटची वीट बादलीत तीन-चार लिटर पाण्यात टाका. अर्ध्या तासात ती फुगून आठ-नऊ लिटर होईल. आता ती धुवा. ही पायरी लोक गाळतात. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपांच्या पानांच्या कडा करपतात. जुन्या ओढणीत किंवा पंच्यात घालून दोनदा पाणी बदला, पिळा. मग दोन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळ खत एकत्र करा. किलोभर मिश्रणाला चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, ट्रायकोडर्मा मिसळा. ती उपयोगी बुरशी आहे, रोप मारणाऱ्या बुरशीला ती जागा मिळू देत नाही. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब पडावेत. धार लागली तर ते जास्त ओलं आहे, पसरून ठेवा.

कप्पे भरा, बोटाने दाबून घट्ट करू नका, ट्रे नुसता दोनदा आपटा. बी जितकं जाड, त्याच्या दुप्पट खोल पेरायचं. टोमॅटो, मिरचीला पाव इंच पुष्कळ झालं. एका कप्प्यात दोन बिया. वर मिश्रणाची पातळ चादर, फवारणी, आणि ट्रेवर वर्तमानपत्र. काडीवर जात आणि तारीख लगेच लिहा, कारण वांग्याची आणि टोमॅटोची रोपं सुरुवातीला आपल्याला वाटतं तितकी वेगळी दिसत नाहीत. पाकिटातल्या सगळ्या बिया एकदम संपवू नका. निम्म्या पंधरा दिवसांनी पेरण्यासाठी ठेवा. पहिली खेप गेली तर दुसरी असते.

परातीच्या चारी बाजूंनी हळदीची किंवा खडूची रेघ मारून मुंग्या थांबत नाहीत, हे मी करून पाहिलं आहे. ट्रे चार वाट्यांवर ठेवा आणि वाट्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा. मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही.

उगवायला कोबी चार ते सहा दिवस घेतो, टोमॅटो पाच ते आठ, वांगं सहा ते दहा आणि मिरची आठ ते चौदा. मिरची उगवत नाही म्हणून दहाव्या दिवशी ट्रे उपसणारे मी पाहिले आहेत. थांबा.

६. उजेड: सगळं इथे ठरतं

बी अंधारातही उगवतं. पण मान वर आली की त्याला त्याच दिवशी उजेड हवा. संध्याकाळी पहिली मान दिसली तर वर्तमानपत्र काढा, उद्यावर टाकू नका. दोन दिवस अंधारात राहिलेलं रोप घटातल्या धान्यासारखं लांबतं, आणि लांबलेला देठ नंतर कितीही ऊन दिलं तरी आखूड होत नाही.

खिडकी निवडताना दिशा बघा. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन रोपांना सोसतं. पश्चिमेचं ऊन ऑक्टोबरात फार कडक असतं, तिथे पातळ पडदा लागतो. दक्षिणेच्या खिडकीची गंमत वेगळीच आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो. शून्य सावलीचे दोन दिवस मुंबईत याच काळाच्या दोन टोकांना येतात. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरत नाही. पण ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि डिसेंबरात त्याच खिडकीतून ऊन पार खोलीच्या आत येतं. पावसाळ्यात जिथे रोपं रडली तिथेच ती थंडीत छान होतात, त्यामुळे एका मोसमावरून खिडकीला नावं ठेवू नका.

उजेड पुरेसा आहे का, ते पाहायला यंत्र लागत नाही. सकाळी दहाच्या सुमारास ट्रेच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर अंतरावर हात धरा. बोटांची सावली वेगवेगळी, कडेसकट दिसली तर उजेड चांगला. नुसता करडा धब्बा दिसला तर ट्यूब लावा.

समोर दुसरी इमारत असेल, आणि मुंबईत ती असतेच, तर ट्यूबशिवाय गत्यंतर नाही. ती छताला लावून उपयोग नाही. रोपांच्या शेंड्यापासून चार ते सहा इंचांवर सुतळीने टांगा आणि रोपं वाढतील तशी वर घ्या. रोज १४ ते १५ तास, रात्री बंद. रोपांनाही अंधाराची विश्रांती हवी असते. २० वॅटची ट्यूब १५ तास चालली तर दिवसाला ०.३ युनिट, महिन्याला ९ युनिट वीज जाते. महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही.

खिडकीतली रोपं काचेकडे झुकतात, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवा. दिवसातून दोन-तीन वेळा तळहात रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवला, किंवा पंखा लांबून हळू लावला, तर देठ जाड होतात.

७. पाणी आणि रोपमर

माझी ती चाळीस रोपं तीन दिवसांत गेली. आदल्या संध्याकाळी टवटवीत होती, सकाळी मातीलगत देठ पिचून आडवी पडलेली, जणू कुणी दोऱ्याने आवळली असावीत. मी पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घातलं, आणि उरलेलीही गेली. याला रोपमर म्हणतात. ओल्या मिश्रणातल्या पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी हे करतात. आडवं पडलेलं रोप कोणत्याही औषधाने उठत नाही. ते कप्प्यातल्या मिश्रणासकट काढून टाका, बाकीच्या ट्रेला दोन दिवस पाणी बंद करा आणि वारा द्या.

टाळण्यासाठी एवढंच करा: पाणी वरून ओतू नका. परातीत अर्धा इंच पाणी घालून ट्रे वीस मिनिटं त्यात ठेवा, मग उरलेलं पाणी ओतून द्या. पुन्हा पाणी कधी द्यायचं ते ट्रे उचलून ठरवा. हलका लागला तर द्या. पावसाळ्यात तीन-तीन दिवस लागत नाही. आणि पावसात आपण जिथे दोऱ्या बांधून कपडे वाळवतो त्या खोलीत रोपं ठेवू नका. माझा ट्रे नेमका तिथेच होता. ओल्या कपड्यांची सगळी वाफ त्या बंद खोलीत रोपांवर बसत होती.

परातीत पाणी साठवून ठेवू नका याला दुसरंही कारण आहे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी येऊन हेच तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. मुंग्यांसाठी ठेवलेलं परातीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला.

ट्रेभोवती बारीक काळी चिलटं दिसू लागली तर मिश्रण सतत ओलं राहतंय असं समजा. वरचा थर सुकू द्या आणि एक पिवळा चिकट सापळा लावा.

८. विरळणी आणि पहिलं खत

पहिली दोन गुळगुळीत पानं ही बीजदलं. त्यांच्यानंतर येतात ती खरी, त्या भाजीच्या नेहमीच्या आकाराची पानं; टोमॅटोची कातरलेल्या कडांची असतात. खरं पान दिसलं की प्रत्येक कप्प्यातलं एक रोप ठेवून दुसरं बारीक कात्रीने मुळाशी कापा. उपटू नका, शेजारचंही सैल होतं. जीव होत नाही हे मला माहीत आहे. तरी कापा, नाहीतर दोन्ही दुबळी राहतात.

कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं. खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की मूठभर गांडूळ खत लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चहासारखं फिकं पाणी आठवड्यातून एकदा द्या. त्याआधी खत नको.

९. ऊन-वाऱ्याची सवय

ट्यूबखाली वाढलेलं रोप थेट ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत पानं पांढरी पडतात. लावणीच्या आठ-दहा दिवस आधी सवय लावायला सुरुवात करा. पहिले दोन दिवस सकाळी एक तास ग्रिलमध्ये, मग दोन तास, मग सकाळभर, शेवटी दोन रात्रीही बाहेर. या दिवसांत पाणी थोडं ताणून द्या, पण कोमेजू देऊ नका. बाहेर ठेवताना वर जाळी हवीच. कबुतरं कोवळी रोपं खातात, आणि खाल्ली नाहीत तरी त्यांच्यावर बसतात.

१०. लावणी

टोमॅटोला चार ते सहा खरी पानं, वय २५ ते ३० दिवस. वांगं ३० ते ३५, मिरची ३५ ते ४०. टोमॅटो आणि वांग्याला बारा इंची कुंडी, मिरचीला दहा इंची चालते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावा. दोन तास आधी ट्रेला पाणी द्या, म्हणजे कप्प्यातला गोळा अखंड निघतो. रोप देठाला धरून ओढू नका, खालून भोकातून पेन्सिलने ढकला आणि पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ मोडला तर रोप गेलं.

टोमॅटो बीजदलांपर्यंत खोल पुरा, मातीखालच्या देठालाही मुळं फुटतात. थोडं लांबलेलं टोमॅटोचं रोप वाचवायचा हा एकमेव उपाय आहे. वांगं, मिरची, कोबी मात्र ट्रेमध्ये होती तेवढीच खोल. काठी त्याच वेळी रोवून टाका, नंतर रोवली तर मुळं तुटतात. तीन-चार दिवस दुपारचं ऊन टाळा. दुपारी माना टाकल्या आणि संध्याकाळी उचलल्या तर काळजीचं कारण नाही, सकाळीही पडलेल्या दिसल्या तर पाणी द्या.

प्रत्येक भाजीची दोन-दोन रोपं कागदी पेल्यात खिडकीतच राहू द्या. पहिल्या दहा दिवसांत कबुतर, उंदीर किंवा ऊन एखादं रोप नेतंच, आणि त्या रिकाम्या कुंडीत लगेच त्याच वयाचं दुसरं लावता येतं. दहा दिवसांनी ती उरलीच, तर शेजाऱ्यांच्या दारात द्या. सोबत जात आणि तारीख लिहिलेली काडी द्यायला विसरू नका.